साहेबांसमोर शहाणा

ता. ११ मार्च १९५८

शिमग्याचे पाहुणे गेले. घरात पुन्हा तिघेच: मी, धाकटा भाऊ दत्तू, त्याची बायको लक्ष्मी.

सकाळी लक्ष्मीने विहिरीच्या रहाटाचा दोर सोडून माझ्या खोलीत आणून ठेवला. कारण विचारले.

"हयच ऱ्हवांदे, भावोजीनू. तुमच्या खोलयेत ते येनत नाय."

दत्तू उजाडल्यापासून विहिरीच्या कठड्यावर बसून आत पाहत असतो, हे मीही पाहिले होते. पाहणे आणि पाहिल्याचे मान्य करणे यांत किती काळ गेला, ते सांगता येणार नाही.

दुपारी त्याला विचारले, "तुला काय होते आहे?"

"काही नाही, अण्णा. आपण काळजी करू नये."

स्वच्छ, पूर्ण उत्तर. त्याने माझे समाधान झाले. का झाले, ते आता कळत नाही.

ता. १३

पडवीत वाचत होतो. स्वयंपाकघरातून दत्तूचा आवाज:

"बापूस हाक मारता गो. बावीतसून. रोज. झील असान मी जाव नको?"

लक्ष्मी काय बोलली ते ऐकू आले नाही. रडत असावी.

वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली. बाव, म्हणजे ही विहीर, त्यांनी स्वतः उभे राहून खणून घेतली होती, एवढाच काय तो संबंध. परंतु दत्तूचे अनुमान तपासले तर: वडील बोलावतात, बोलावल्यावर मुलाने जावे, म्हणून मी जावे. सांधा कोठे निसटलेला नाही. दोष केवळ पहिल्या विधानात, आणि ते विधान त्याच्या कानाचे आहे. त्याच्या कानात मी कसा शिरणार?

आत गेलो. दत्तू उठून उभा राहिला, धोतर सारखे केले. "काही हवे का, अण्णा?"

ता. १५

लक्ष्मीचा भाऊ आला. आधी देवाचा कौल, मग बाकीचे, असा त्याचा हट्ट. विरोध केला नाही. विरोधाने दिवस जातात. देवळात गुरवाने पाषाणावर फुले लावली, गाऱ्हाणे घातले. विचारले, बाहेरची बाधा आहे का? उजवे फूल पडले, म्हणजे होय. मी विचारायला लावले, डॉक्टराकडे न्यावे का? पुन्हा उजवे.

मी म्हटले, दोन्ही होकार एकत्र कसे उभे राहतील?

गुरव म्हणाला, "देवान खंय सांगल्यान एकच करा? वकिलानू, तुम्ही देवाचीय उलटतपासणी करतलास."

सगळे हसले. दत्तूही हसला. बरे वाटले आणि भीतीही वाटली.

ता. १८

दवाखान्यात गेलो. कायदा मला ठाऊक आहे. रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवायचे तर दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. अर्जाचा मसुदा करून ठेवला आहे. हवा होता पहिला दाखला.

निघताना दत्तूची दाढी करवली. माझा काळा कोट त्याला घातला, टोपी दिली. वाटेत बजावले: साहेबांसमोर नीट बसावे, विचारतील तेवढेच शुद्ध बोलावे.

डॉक्टर घाटावरचे, तरुण, सज्जन.

"काका, झोप लागते का?"

"होय साहेब."

"जेवण?"

"आपल्या कृपेने व्यवस्थित."

"कसले आवाज वगैरे?"

"नाही साहेब. घर शांत आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "वकीलसाहेब, हे तर तुमच्या-माझ्याहून शहाणे दिसतात. शेताची वाटणी वगैरे काही चालू आहे का?"

अशीलाच्या वतीने समोरच्या पक्षाला हाच प्रश्न मी अनेकदा विचारलेला आहे. दाखल्याविना परतलो.

ता. १९

कचेरीत जाताना माणूस धुऊन-पुसून न्यावा, बोलणेही धुऊन न्यावे, हा आमच्याकडे संस्कार आहे. आजाऱ्याचा आजार दाखवायला नेतानाही तेच केले. लक्ष्मीने हटकले नाही, तिनेच टोपी झटकून दिली होती. शहाणपणाचा दाखला दत्तूला नाही मिळाला, कोटाला मिळाला.

आणखी एक. कोल्हापुरास शिकायला गेलो तेव्हापासून मी घरातही शुद्धच बोलतो, आणि घर माझ्याशी शुद्ध बोलते. म्हणजे मीही दत्तूला इतकी वर्षे त्या डॉक्टरांच्या खुर्चीतूनच…

ता. २३

आज दुपारी लक्ष्मी काजू भाजत होती. तिने वर पाहिले तर दत्तूचे दोन्ही पाय कठड्याच्या आत. तिने मागून कंबरेला मिठी मारली आणि मला हाक मारली. दोघांनी ओढले. त्याने झटापट केली नाही. एवढेच म्हणाला, "गो, उशीर जाता."

तिचे हात काजूच्या चिकाने भाजले आहेत. विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या.

ता. २४

पुन्हा दवाखाना. या वेळी घरातल्या बंडीत, दाढी न करता नेला. डॉक्टरांचे तेच प्रश्न, दत्तूची तीच उत्तरे. बंडीतही तो कोटातलेच बोलत होता.

तेव्हा मी केले ते असे. त्याच्याकडे वळून म्हटले, "दत्तू, बापूस काय म्हणता रे?"

तोंडाला सवय नव्हती. शब्द कुणा दुसऱ्याचे वाटले. दत्तू माझ्याकडे पाहत राहिला, मग पाझर फुटावा तसा बोलू लागला. बापूस खाली एकटो आसा. थंडीन कुडकुडता. नाव घेऊन हाक मारता. मी विचारले, मला का नाही मारत?

"तुका हाक मारून काय उपेग, अण्णा? तू आदी पुरावो मागतलंस."

डॉक्टर म्हणाले, "काय म्हणतात हे?" मी सांगितले. ते म्हणाले, "अर्जदार तुम्ही, दुभाषीही तुम्हीच. मी सही कशावर करू?"

हरकत बिनतोड आहे. मीही घेतली असती.

कंपाउंडर इथलाच. त्याला आत बोलावले. त्याने ऐकले आणि म्हणाला, "बरोबर आहे साहेब, वडील हाक मारतात म्हणतो. पण आमच्याकडे तसे पुष्कळांना वाटते. माझ्या आईलाही वाटते."

म्हणजे दत्तू आजारी नाही, की गावच सगळा? मला कळेनासे झाले. डॉक्टरांनाही झाले असावे. झोपेच्या पुड्या दिल्या. दाखला नाही. उठताना हलक्या आवाजात म्हणाले, "स्वतःच्या राजीखुशीने रत्नागिरीस गेले तर तिथे दाखल्याशिवाय पाहतील. त्यांना राजी करा."

ता. २५

कौल दोनदा होकाराचा, डॉक्टर दोनदा नकाराचे. विहिरीवर फळ्या आहेत. फळ्यांवर दत्तू बसतो.

ता. २७

त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मालवणीतच बोललो, आता जरा जमते. बराच वेळ आंब्याच्या मोहराविषयी. मग त्याने विचारले,

"अण्णा, तुका आयकाक येता मां?"

होय म्हणावे तर तो जाईल. नाही म्हणावे तर माझ्याशी पुन्हा शुद्ध बोलू लागेल. दोन्ही उत्तरे घातक. तिसरे शोधले, कोर्टात शोधायचो तसे:

"माका अजून नाय. आयकाक इला की तुका सांगतंय. तवसर तू एकटो जाव नको."

तो म्हणाला, "बरां."

तारीख मिळाली. पुढची कोणती, ते त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. त्याच ओघात रत्नागिरीचे काढले. येतो म्हणाला, मी बरोबर असेन तर.

संध्याकाळी लक्ष्मीने त्याच्या पिशवीत काळा कोट भरला. मी काढून ठेवला. तिने पुन्हा घातला. "परक्या गावात बरां दिसाक नको, भावोजीनू?" राहू दिला.

गाडी सकाळची, तळेऱ्यास बदलायची. पिशवीची गाठ मारता मारता दत्तूने विचारले, "थंय बाव आसा?"

"नाय," मी म्हणालो.

ती जागा मी कधी पाहिलेली नाही.