काडी न लागणारी तंबाखू

मी, सगुण बाबली गवस, वय त्रेसष्ट, राहणार सुर्ला, तालुका डिचोली, मूळचा दोडामार्गकडचा, खाणीवर सुरुंग भरण्याच्या कामावरून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला बोलता येत नाही, कारण जबड्याचा डावा भाग काढलेला आहे. त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. आमचे लग्न डिचोलीत नोंदलेले असल्याने इथल्या कायद्याप्रमाणे अर्धे घर माझी पत्नी जानकी हिचे आहे. ते मी तिला देत नाही. ते तिचे होतेच. उरलेल्या अर्ध्यातले अर्धे आमचा एकुलता मुलगा शंभू याचे, आणि ते काढून घेण्याचा मला अधिकार नाही. माझ्या मर्जीचा राहतो तो चौथा हिस्सा.

२. हा हिस्सा शंभूला एका अटीवर द्यावा असे मनात होते. शंभू पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्यापासून हरमलला पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. तंबाखू दिवसभर गालात. गेल्या चतुर्थीला घरी आला तेव्हा साधी आमटी त्याला झोंबली. मोदक मोडून खाल्ला. अख्खा तोंडात जाईना. मी पाटीवर लिहिले, तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालून दाखव. दोन गेली. माझेही तसेच सुरू झाले होते.

त्याने पाटी पुसली आणि म्हणाला, "बाबा, माका काय झाला नाय. मी काय सिगारेटी ओढतंय?"

जानकी म्हणाली, "सांगून सांगून दमलंय. तुमी लिवून ठेवा. कागदाक तरी घाबरात."

अट ही होती, की त्याने डॉक्टरांना तोंड दाखवावे. वकील म्हणाले, अट घालता येते, पण ती पाळली की नाही हे बघायला तुम्ही नसाल. म्हणून अट घातलेली नाही.

३. शंभूचे ते सिगारेटचे वाक्य आमच्या घरात जुने आहे, म्हणून त्याची हकिकत लिहितो. सुरुंगाच्या कामावर काडेपेटी चालत नसे. फाटकावर खिसे तपासत. माझा थोरला भाऊ कृष्णनाथ याच्या खिशात सिगारेट सापडली आणि त्याला सुरुंगावरून काढून खोऱ्याने माती ओढायला घातले. तंबाखूला काडी लागत नाही. ती घेऊन आम्ही मुकादमासमोरून आत जात होतो; तोही हात पुढे करायचा. तोंडात तंबाखू असली की लाल धूळ घशाखाली उतरत नाही, असे सगळे मानत. थुंकी लाल दिसायची. आम्हाला वाटे, धूळ बाहेर पडली.

घरीही तेच. आमच्या वडिलांसमोर सिगारेट ओढणे म्हणजे बेअदबी, आणि तंबाखू मळून त्यांच्या हातावर ठेवणे म्हणजे मान. कृष्णनाथ बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून ओढायचा, तिथेच जेवायचा, पुढे तिथेच झोपू लागला. आमचे भांडण आयुष्यभर एकच.

"तू चावतंस, मी ओढतंय. माझो धूर निदान भायर तरी जाता."

"पोरांच्या नाकात जाता तुझो धूर."

खाणीवर दरवर्षी छातीचा फोटो काढत. त्याच्या फोटोत डाग, माझा स्वच्छ. तोंड उघड, असे कोणी कधी म्हटले नाही. कंपनीवर माझा एवढाच राग आहे, आणि तो मी कोणालाही वारसा म्हणून देत नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितले ते असे: सिगारेट फुप्फुस धरते आणि शेजारी बसलेल्यालाही सोडत नाही. तंबाखूचा धूर नसतो, पण तिचे विष गालातून रक्तात जाते, आणि ती तोंड, जीभ, घसा धरते. काळीज दोन्हींनी खराब होते. कमी वाईट कोणते, असे मी विचारले. ते म्हणाले, हा प्रश्न इथे सगळेच विचारतात.

कृष्णनाथ मला बघायला आला. जिना चढून त्याला धाप लागली होती. खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "आता जिंकलो कोण रे?" आणि रडला. मग तो सिगारेट ओढायला खाली गेला.

४. माझ्या मर्जीचा चौथा हिस्सा मी कृष्णनाथला देत आहे. त्याने आतल्या खोलीत झोपावे. त्याला कोणी बाहेर घालवू नये. सिगारेट मात्र बाहेरच ओढावी. माझ्या छातीचे स्वच्छ फोटोही त्यालाच. खिडकीची एक काच फुटली आहे, तिथे लावता येतील.

५. बँकेत आहे ते जानकीचे. सुरुंग ठासायची काठी लाकडी आहे, कारण लोखंडाने ठिणगी पडते. ती जानकीने काजू पाडायला घ्यावी. बाराव्याच्या पानावर आवडीचे म्हणून तंबाखू ठेवू नये. कावळा अडून बसला तर बसू द्यावा.

६. मी गेल्यावर तोंडात पाणी आणि तुळशीचे पान शंभूने घालायचे आहे. ऑपरेशनपासून मी तोंडावर पंचा बांधतो. जखम जानकी धुते. शंभूने ती पाहिलेली नाही. तो आला की मी भिंतीकडे वळून बसतो, नाहीतर त्याला घरात जेवता येणार नाही. त्या दिवशी पंचा त्यानेच सोडावा. कोणी मदत करू नये. दिवा जवळ धरावा. पाणी घातल्यावर ते गालातून कुठे बाहेर येते, ते त्याने पाहावे. त्याला घाई करू देऊ नये.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सगुण बाबली गवस

साक्षीदार:
दत्ताराम नारायण परब, शेजारी
पद्मावती राऊळ, आरोग्यसेविका

ठिकाण: डिचोली
दिनांक: १२ फेब्रुवारी २०१४