एकशेवीसचा शेकडा

मी, वामनराव सखाराम ढोले, वय वर्षे एकाहत्तर, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, पूर्वीचा धंदा आंब्यांची मोजणी, हल्लीचा धंदा खोकणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे, नशापाणी केलेले नाही, आणि कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि मला काही न सांगता पुतण्याला बाहेर नेले. त्यावरून जे समजायचे ते मी समजलो आहे.

पहिले, घर. बाजाराच्या रस्त्यावरचे दोन खोल्यांचे कौलारू घर, ओटा आणि मागची विहीर धरून, माझ्या स्वकष्टाचे आहे. वडिलोपार्जित त्यात काही नाही. पत्नी तानाबाई वारली, मूलबाळ झाले नाही. हे घर मी बिजलीबाई भ्रतार नेमसिंग राठोड, राहणार गावाबाहेरचा तांडा, हिला देतो. ती माझ्या नात्यागोत्याची नाही. लोक तोंडाला येईल ते बोलतील, म्हणून कारण खाली सविस्तर लिहिले आहे.

दुसरे, पुतण्या बबनराव, राहणार उमरखेड. त्याला माझी सायकल, तांब्याचे घंगाळ आणि तानाबाईने विणलेली सतरंजी द्यावी. बबनराव वाईट माणूस नाही, आजारपणात तो धावत आला. पण एकदा भरल्या ओट्यासमोर तो म्हणाला होता, "काका, तांड्यातले पोट्टे ओट्यावर कायले बसवता? लोक हासून राह्यले ना!" ती मुले खाली मान घालून ऐकत होती. ते मी विसरलेलो नाही, आणि मेल्यावरही विसरेन असे वाटत नाही.

आता कारण. माझे शिक्षण तिसरीपर्यंत. तरी वीस वर्षे रोज संध्याकाळी शाळेतली मुले शाब्दिक उदाहरणे घेऊन माझ्या ओट्यावर येत. बेरीज-वजाबाकी त्यांना येत होती, अडत होती ती भाषा. तांड्यातल्या मुलांच्या घरी गोरबोली, शेतकऱ्यांच्या मुलांच्या घरी वऱ्हाडी, आणि पुस्तकातली मराठी कुठल्या गावची ते देव जाणे. "उर्वरित आंबे किती?" हे वाचून बिजलीने, तेव्हा ती दहा वर्षांची असेल, मला विचारले होते, "काकाजी, उर्वरित आंबा गोड असते का आंबट?" गोटी, शेंद्री तशी ही एक जात असेल, असे तिला वाटले. बाकीची मुले हसली. मी तिला म्हटले, "तू इचारलं म्हून यायलेबी समजलं."

माझा नियम एकच होता. गणिताची गोष्ट आधी आपल्या बोलीत सांगायची, कोणी आणले, कोणी खाल्ले, काय नासले, आणि मग आकड्याला हात लावायचा. बिजली अशी सांगायची की गणितातला बागवान समोर येऊन बसायचा. चौथीच्या परीक्षेला बसणारी ती तांड्यातली पहिली मुलगी. तिचा बाप देवसिंग सगळ्यांना सांगत फिरे की माझी पोरगी मास्तरीण होणार.

सन १९५६. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बिजलीने विचारले, "काकाजी, शेकडा कितीचा असते?" आमच्या बाजारात आंबे फाडीने मोजतात. दोन्ही हातांत तीन-तीन आंबे उचलले की एक फाडी, आणि वीस फाड्यांचा शेकडा. बाजाराचा शेकडा एकशेवीसचा. मी जन्मभर तोच मोजला, आणि त्या दिवशीही तोच मोजून थकून आलो होतो. मी म्हणालो, "एकशेवीसचा, बाई. आंबेवाल्याच्या ओट्यावर बसून हे इचारतं?"

दुसऱ्या दिवशी पेपरात आले: एका बागवानाने तीन शेकडे आंबे आणले. त्यांतील साठ नासले. उर्वरित आंबे तीस मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकास किती मिळाले? बिजलीने तीनशेसाठांतून साठ वजा केले आणि उत्तर लिहिले, दहा. बाकी शून्य. पुस्तकाचे उत्तर आठ. उदाहरण पाच गुणांचे होते आणि ती तीन गुणांनी नापास झाली.

पेपर तपासले भगवानराव मास्तरांनी. निकालाच्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर, आणि नंतर बाजारातही, हसत सांगितले की तांड्याच्या मठ्ठ पोरीने शंभरात वीस जास्तीचे घुसडले. मी बाजारात चार हातांवर उभा होतो. पुढे जाऊन "तिला हे मी सांगितले" एवढे चार शब्द बोलायचे होते. बोललो नाही. वामनरावाकडे मुले पाठवली तर नापास होतात असे गावात झाले, तर ओटा ओस पडेल, हीच भीती होती. काकाजी, काकाजी म्हणवून घ्यायची मला चटक लागली होती. देवसिंगाने पोरीला शाळेतून काढले. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. मी लग्नाला गेलो, जेवलो आणि घरी आलो. मी भित्रा माणूस आहे, हे येथे लिहून ठेवतो.

तिसरे, अट. बिजलीची मुलगी चंदा सात वर्षांची आहे. नेमसिंग तिला शाळेत घालायला तयार नाही. त्याचे म्हणणे, "याडी मठ्ठ, त पोरगी कुठून हुशार निंगन?" याडी म्हणजे आई. तो मठ्ठपणा माझा आहे, बिजलीचा नाही. म्हणून घराला ही अट: चंदाचे नाव याच जून महिन्यात शाळेत दाखल व्हावे, आणि ती चौथी पास होईपर्यंत घर विकू नये, गहाण टाकू नये. नेमसिंगाने तिला मध्येच काढले, तर घर बबनरावाकडे जाईल. त्यासाठी बबनरावाने देव पाण्यात घालून बसू नये.

चौथे, भगवानराव मास्तर. ते आता हेडमास्तर आहेत आणि नाव दाखल करणे त्यांच्या हातात आहे. त्यांना मी काही देत नाही. साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावले आहे, आणि त्यांनी हा कागद पहिल्या ओळीपासून वाचूनच सही करावी. ज्या शब्दावर ते हसले तो शब्द बाजारात कितीचा असतो, हे त्यांनाही ठाऊक होते. आंबे त्यांनीही माझ्याच हातून मोजून नेले आहेत.

शेवटचे. गेल्या आठवड्यात मी बिजलीला घरी बोलावून सगळे कबूल केले. वाटले होते, ती रडेल, नाही तर शिव्या देईल. ती म्हणाली, "मले माहीत व्हतं, काकाजी. मास्तरनं वर्गात शंभरच सांगतलं व्हतं. बापाच्या घरी एकशेवीस मोजत. दोन्हीतलं खरं कोनतं, म्हून त तुमाले इचारलं."

मी विचारले, "मंग सारे हासले तवा माहं नाव काहून नाही घेतलं?"

ती म्हणाली, "घेतलं असतं, त तुमच्या ओट्यावर मंग कोन आलं असतं?"

बारा वर्षांची होती ती तेव्हा. मी एकोणसाठचा होतो.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचून पाहिले, ते खरे आहे, आणि यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

स्थळ: दारव्हा
दिनांक: ९ जून १९६८

(सही) वामनराव सखाराम ढोले

साक्षीदार:
१. रूपसिंग हरचंद राठोड, तांड्याचे नाईक. (डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला.)
२. भगवानराव गणपतराव काळे, हेडमास्तर. (सही. पहिल्या ओळीपासून वाचले.)