अकरावी गोळी

३ मार्च, सोमवार

बंदूकवाल्यांची बाजू आली. माझ्याच वाट्याला!

इथे मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात आमच्या कायद्याच्या वर्गात लुटुपुटीचं कोर्ट भरणार आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत बंदुकीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या त्या डबीत, दहाच्या वर गोळ्या मावता कामा नयेत असा कायदा आहे. तो घटनेविरुद्ध आहे, असं मी ठणकावून सांगायचं. मी! जी फुलबाजीसुद्धा हात लांब करून धरते!

जोडीला वर्गातली फेमके. तिचे वडील इथल्याच एका खेड्यातल्या नेमबाजी मंडळात. गणवेश घालायचा, बँड वाजवायचा आणि उंच खांबावरचे लाकडी ठोकळे पाडायचे. फेमके म्हणाली, "बाबा खूश होतील. पण दहाच्या वर कशाला लागतात गं?"

जोडीदार असावा तर असा.

५ मार्च

अमेरिकेतले न्यायाधीश जुना इतिहास चाचपतात. दोनशे वर्षांपूर्वी असा एखादा कायदा होता का? नसला, तर आजचाही बाद. अहो, तेव्हा बंदूक ठासून होईपर्यंत समोरचा माणूस जेवून आला असता!

६ मार्च

खटल्यांचे कागद चाळत होते. याच कायद्याविरुद्धच्या एका ताज्या दाव्यात वादी कोण? एक संघटना, एक निवृत्त शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, आणि निहार गद्रे, दुकानदार.

दादाचं शहर तेच. दुकानाचं नाव तेच. माझा दादा! झुरळ दिसलं की ओट्यावर चढणारा!

७ मार्च

दादाला फोन लावला. "अमेरिकेत जाऊन सरकारला कोर्टात खेचलंस? आईच्या सोसायटीला एक तक्रार लिही म्हटलं तर तुला वेळ नव्हता!"

हसला नाही. मग सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात दुकान बंद करताना तिघं आत शिरले. त्याला फ्रीजसमोर गुडघ्यांवर बसवलं, डोक्याला पिस्तूल लावलं. मागच्या खोलीत त्याची लेक ऋता चित्रं रंगवत बसली होती. सात वर्षांची पोर! तिघं निघून गेले, तिला काहीच कळलं नाही.

"ती बाहेर आली असती तर, वल्ले?"

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काय केलं असतंत?"

मी वकिली केली. "तिघांना दहा पुरतात की रे."

"तू तिथे नव्हतीस."

नव्हते.

११ मार्च

उल्कावहिनीशी बोलले. मला वाटलं, तीही त्याच्याच बाजूने असणार.

"दहा काय नि पंधरा काय, मला ती वस्तूच घरात नकोय. उशाशी घेऊन झोपतो तो. झोपतो कसला! खालती पेपर पडला तरी उठून उभा राहतो. मागच्या आठवड्यात ऋता पाणी प्यायला उठली होती, तर..."

पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही. परवा माझं भाषण होतं ना!

१३ मार्च

जिंकलो!!

कलमं बाजूला ठेवली आणि एका दुकानदाराची गोष्ट सांगितली, नाव न घेता. "अकरावी गोळी कुणाला लागेल हे कायदा ठरवतो, पण ती कधी लागेल, हे गुडघ्यांवर बसलेल्या माणसालाच कळतं." काय वाक्य! अर्थ मलाही नीट कळलेला नाही. प्राध्यापकांनी चष्मा काढला. फेमके रडली. आम्ही दोघींनी बिअर ढोसली.

रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर टाकलं. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, त्यामुळे तिचा मुद्दा एकच: "केस का नाही बांधलेस?" दादा: "माझी वकील!!!" वहिनीने पाहिलं.

१५ मार्च

दादाचा निरोप. "उल्काला तुझं भाषण दोनदा ऐकवलं. आता काही बोलत नाही ती."

मी अंगठा पाठवला. मग दिवसभर सायकल हाणत राहिले, मास नदीच्या काठाने, कुठेही जायचं नसताना.

२० मार्च

अनोळखी नंबर. उल्कावहिनी, स्किफोल विमानतळावरून.

"ऋताला घेऊन आलेय. निहारला वाटतंय, आम्ही माझ्या बहिणीकडे आहोत."

"वहिनी, तू तिथेच थांब, मी..."

"आधी सांग, वल्लरी. कुणाच्या बाजूने बोलणार आहेस? मग मास्ट्रिख्टचं तिकीट काढते."