एत्तोरेच्या आवाजाची वाटणी

मी, पद्मिनी एत्तोरे माल्वेस्ती, माहेरची केळुसकर, मूळची वेंगुर्ल्याची, सध्या मुक्काम रियाधमधील ओलाया येथे मुलाच्या घरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बिघडले आहे ते हृदय, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे दिवंगत पती एत्तोरे हे इटलीतील नावाजलेले गायक. गाणी स्वतः लिहीत, स्वतःच चाल लावत. जेनोवाच्या इस्पितळात मी नर्स असताना ते मोडलेला पाय घेऊन आले, तेव्हा बंदरावरच्या खानावळीपलीकडे त्यांना कुत्रे विचारत नव्हते. पुढे स्टेडियम भरू लागली. गाण्यांचे व आवाजाचे सर्व हक्क त्यांनी हयातीतच माझ्या नावे केले. (कागद आहे म्हणून 'ते' म्हणते. घरात मी त्याला अरे-तुरेच करत असे, आणि इथून पुढेही तसेच लिहीन.)

२. पुण्यातील फ्लॅट माझी धाकटी बहीण सुनीता हिला द्यावा.

३. एत्तोरेला गाण्यासाठी मिळालेला चांदीचा मोठा करंडक दीर ब्रूनो यांना. आमच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी विचारले होते, "ही बाई किती दिवस टिकणार?" करंडक जड आहे. दार आपटू नये म्हणून लावायला बरा.

४. 'खिडकीतला समुद्र' या गाण्याचे पालुपद सारी इटली निरर्थक समजून गाते. ते निरर्थक नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडले होते, "अरे, दूध उतू गेलं!" गॅस बंद करायचा सोडून या बाबाने त्याला चाल लावली. 'ध' त्याला कधीच जमला नाही. मी शिकवून दमले, पण तो शेवटपर्यंत 'दूद'च म्हणाला.

५. इथल्या एका कंपनीने यंत्राला एत्तोरेचा आवाज शिकवला आहे. त्या आवाजाचा त्यांना रियाधमध्ये कार्यक्रम करायचा आहे. नमुना म्हणून यतीनने, माझ्या मुलाने, हेच गाणे घरात लावले. नात स्वानंदी उड्या मारू लागली, "आजी, सेम टू सेम आजोबा!"

मी विचारले, "हा कोण गातोय?"

"बाबाच, आई."

"त्याला 'ध' येत नव्हता."

"ते मी करेक्ट करून घेतलं. बाबांची चूक कशाला ठेवायची?"

मला रडू आले आणि रागही आला. त्या चुकीला मी जन्मभर जीव लावला, आणि ती पुसणारा माझ्याच पोटचा निघाला.

६. म्हणून गाण्यांचे व आवाजाचे हक्क स्वानंदीला देत आहे. सज्ञान झाल्यावर तिने काय ते ठरवावे. तोवर सुनीताने सांभाळावे आणि कोणत्याही यंत्राला तो आवाज देऊ नये.

७. यतीनला मी काहीही ठेवलेले नाही. त्याची बँकेतली नोकरी गेली आहे, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला आहे, आणि त्या कंपनीने आवाजाच्या बदल्यात त्याला नोकरी कबूल केली आहे. हे सगळे मला ठाऊक आहे. मीही त्याच्याच इकाम्यावर इथे राहते. नोकरी मिळाली नाही, तर स्वानंदीची शाळा सोडवून सगळ्यांनाच परतावे लागेल.

तरीही दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी त्याच्यासाठी ठेवली आहे. खालच्या मजल्यावरचे नदीम एका हाकेत आले असते. पण मला यतीनचीच सही हवी. दोन साक्षीदारांविना मृत्युपत्र म्हणजे रद्दी. त्याने सही केली नाही, तर एकुलता एक वारस म्हणून सगळे त्याचेच होईल, मग खुशाल विकावे. माझ्या माघारी कोर्टात जाण्यापेक्षा आज माझ्या तोंडावर काय ते ठरव, बाळा. मी समोरच बसून राहीन.

स्थळ: रियाध
दिनांक: १९ जानेवारी २०२५
सही: पद्मिनी माल्वेस्ती

साक्षीदार पहिला: सिराजुद्दीन परकार, शेजारी. ताईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: यतीन माल्वेस्ती, मुलगा. आईने माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं, कळलं. रागात सही करतोय. उद्या जिवंत बाहेर ये, आई, मग भांडू.