हिच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग

४ मार्च, गुरुवार

सकाळी गॅरेज उघडलं. गाडीवरचं कव्हर काढलं. उंदरांच्या मुताचा वास. कव्हर धुवायला टाकलं. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. जागेवरच स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. अर्धं फिरलं, पुढे खांद्यात कळ आली. इंजिन बंद केलं. कव्हर ओलं, म्हणून गाडीवर जुनी चादर घातली.

गाडी हिने लग्नाआधी स्वतः घेतलेली. लाल, दोन सीटची, उघड्या टपाची. ही चालवायची, मी शेजारी बसायचो. ही गेल्यापासून गाडी जागची हललेली नाही. त्याला कारण स्टिअरिंग. दुसरं कारण नाही.

दुपारी मुलीचा फोन. गाडी आता तिच्या नावावर आहे. म्हणाली, बाबा, उभी राहून सडेल ती, मामा मागतोय, देऊन टाकू का? मी म्हटलं, मी चालवणार आहे. त्यावर म्हणाली, मग २८ तारखेला रविवार आहे, गाडी घेऊन आमच्याकडे जेवायला या. आलात तर गाडी तुमच्याकडे. नाहीतर मामाला.

हो म्हटलं. अवघड काही नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचं किट मिळतं. मागवलं.

८ मार्च

किट आलं. मेकॅनिककडे गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ज्या कपात नटबोल्ट भिजत होते तसल्याच कपात मला चहा. प्यायलो नाही. हा माणूस प्रत्येक गोष्टीला ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्यामुळे गल्लीत त्याचं नावच होऊनजाईल पडलं आहे. डॅशबोर्डखाली स्टिअरिंगचा दांडा कापायचा, मध्ये मोटर बसवायची, कंट्रोल बॉक्स जोडायचा. होऊन जाईल.

त्याने विचारलं, स्टिअरिंग किती स्पीडला जड लागतं? मी म्हटलं, सगळ्याच. गाडी दुकानात आणा म्हणाला. मी म्हटलं, स्टिअरिंग तेवढं वळत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? घरी येऊन करतो म्हणाला.

१२ मार्च

मेव्हणा न कळवता आला. त्याच्या सेंटने गॅरेजमधला उंदरांचा वास बरा वाटावा. टायरला लाथ मारून पाहिली. पिवळा रंग देणार, मागे स्पीकर बसवणार. मग सीट खडखड करत शेवटपर्यंत मागे ढकलली आणि पोट घेऊन आत बसला. म्हणाला, ताईची गाडी आहे, आपल्या घराण्यात राहिली पाहिजे. मी कुठल्या घराण्यातला, हे विचारणार होतो. चहा घेणार का, एवढंच विचारलं. घेतला. दोनदा.

तो गेल्यावर सीट पुसून काढली आणि पुन्हा हिच्या खाचेत आणून ठेवली. तिथे बसलं की माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. जुन्या गाड्या बुटक्या लोकांसाठी बनवत असावेत.

१६ मार्च

होऊनजाईल आला. डॅशबोर्डखाली उताणा शिरला आणि म्हणाला, साहेब, हे काय आहे? टॉर्च घेऊन मी पण शिरलो. च्युइंगगम. एकावर एक चिकटवलेलं, वाळून दगड झालेलं, बोटांचे ठसे उमटलेलं. इतकी वर्षं हिच्या शेजारी बसलो, मला पत्ता नाही. शिसारी आली. माणसाने खिडकीतून तरी टाकावं, किंवा कागदात गुंडाळावं.

तो स्क्रूड्रायव्हरने खरवडायला लागला. मी थांबवलं. जवळून वायरी गेल्या आहेत, धक्का लागायचा. तो म्हणाला, वायरी पलीकडे आहेत. मी म्हटलं, तरीपण.

मोटर चार बोटं खाली बसवावी लागली.

२० मार्च

आज मोटरला शून्य शिकवायचं होतं. म्हणजे स्टिअरिंगला कोणाचाही हात नसताना बटण दाबायचं. मग मोटरला कळतं की जोर लावलेला नाही, आपण गप्प बसायचं. होऊनजाईल म्हणाला, साहेब, तुम्ही आत बसा, हात सोडा. बसलो. त्याने बटण दाबलं. मोटर सुरू झाली आणि स्टिअरिंग आपोआप डावीकडे फिरायला लागलं. भुताने धरल्यासारखं.

पुन्हा शिकवलं. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा तो म्हणाला,

“साहेब, तुम्ही धरून ठेवताय. सोडा की.”

मी धरलं नव्हतं. फक्त हात टेकवला होता. इंजिन चालू असताना स्टिअरिंग मोकळं सोडणं योग्य नाही. किट भिकार आहे. कंपनीला कडक तक्रार लिहिणार.

२३ मार्च

तक्रार अजून लिहिलेली नाही. होऊनजाईलने मला चहा करायला आत पाठवलं. कप घेऊन आलो तर काम झालेलं. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. करंगळीनेसुद्धा. मी म्हटलं होतं ना, किटमध्येच दोष होता, आपोआप गेला.

दुपारभर गाडीत बसून प्रॅक्टिस केली. पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे. उत्तम जमतं. बॅटरी उतरली. चार्जिंगला लावली.

२४ मार्च

मुलीला फोन करून सांगितलं. रस्त्यावर काढलीत का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी पाया पक्का करतोय. मग म्हणाली,

“बाबा, आई उभ्या गाडीत कधी स्टिअरिंग फिरवायचीच नाही. गाडी थोडी हलली की वळवायची. मग एका हाताने वळतं ते.”

हिला सवय होती, मी म्हटलं. शिवाय आधी चाकं वळवून, सगळी खात्री करून मग निघणं, ही शिस्त आहे. मुलीला आईची बेशिस्त तेवढी आठवते.

२७ मार्च

उद्याचं ठरलं. नऊला निघायचं. साडेनऊला मुलीच्या दारात हॉर्न. जेवण. येताना लांबच्या रस्त्याने, धरणावरून, हिच्यासारखं. हवा भरली, काच पुसली, शर्टाला इस्त्री. सीट तपासली, खाचेत आहे.

२८ मार्च, रविवार

नऊला इंजिन चालू केलं. गाडी गेटपर्यंत नेली. म्हणजे गाडी चालते. पुढचं चाक फूटपाथवर असताना थांबलो. रहदारी फार. उजवीकडे जायचं, म्हणून चाकं उजवीकडे वळवून ठेवली. गॅप मिळाली तेव्हा चाकं जरा जास्तच वळलेली वाटली, सरळ केली. तोवर गॅप गेली. पुन्हा उजवीकडे. मग वाटलं, डावीकडून वळसा घालून जावं. डावीकडे. रविवारी सकाळी एवढे लोक गाड्या घेऊन कुठे जातात कळत नाही.

लोक गाडीला वळसा घालून जात होते. एक आजीबाई काठी टेकत आल्या, उभ्या राहिल्या, माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एकदा काय ते ठरवा हो, मला ऊन लागतंय.” मी नमस्कार केला.

अकराच्या सुमारास डॅशबोर्डखालून जळका वास. मग धूर. मोटर गेली. स्टिअरिंग दगड. किट भिकार आहे हे मी आधीच लिहिलं होतं.

मुलीला फोन केला, तांत्रिक अडचण आहे. ती रिक्षाने आली. जेवणाचा डबा घेऊन आली, म्हणजे मी येणार नाही हे तिने धरूनच ठेवलं होतं. रागावली नाही. मला उतरवलं, आत बसली. सीट हलवावी लागली नाही. गाडी हातभर पुढे सरकू दिली आणि एका हाताने वळवली. मेलेल्या मोटरसकट.

रस्त्याला लागून थांबली. शेजारची सीट थोपटली. “बसा बाबा. धरणावरून जाऊ.”

बसलो नाही. गेट लावायला कोणीतरी हवं होतं.

२९ मार्च

मुलीचा फोन. मामाला नाही म्हणून सांगितलं. गाडी तीच ठेवणार, ऑफिसला नेणार. रोज चालवल्याने गाडीचं बारीकसारीक टेस्टिंग होईल, तेव्हा माझी हरकत नाही असं मी कळवलं. मग तिने विचारलं, डॅशबोर्डखाली काहीतरी घाण चिकटली आहे, काढून टाकू का? मी म्हटलं, तुझी गाडी आहे. मग म्हटलं, नको.

होऊनजाईल हत्यारं न्यायला आला. रिकामं गॅरेज पाहिलं. होऊन जाईल म्हणाला नाही.

डब्यातलं उरलेलं जेवलो. डबा घासला. हात तीनदा धुतले तरी ग्रीसचा वास जात नाही. संध्याकाळी ओट्याजवळच्या दिव्याखाली वर्तमानपत्र पसरून नखं कापली. आधी डाव्या हाताची, मग उजव्या.