मीटरचं चाक

बाबा, तुम्ही हरले होते, हे आज लिहूनच टाकते. तेव्हा तोंडावर बोलली असती तर दोन दिवस जेवले नसते तुम्ही.

मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीनवर लोकांच्या साड्यांना पिको करायची आणि तुम्ही मागून येऊन बल्ब बंद करायचे. "रायपूर राजधानी झालं म्हणून आपलं घर मंत्र्याचं नाही झालं. खिडकीपाशी बस." संध्याकाळी काळ्या साडीवर काळा धागा खिडकीपाशी दिसत नाही, पण तुम्हाले सांगणार कोण? शेवटी मी सदर बाजारातून तो पांढरा, पिळाचा सीएफएल आणला. तुम्ही हातात फिरवून पाहिला. "दुकानदारानं पोट्टीले बनवलं. एवढा उजेड पाडणार तर बिजली खाणारच. रेल्वेत जिंदगी गेली माझी, मले शिकवून राहिली?" सातवी नापास पोरीनं काय बोलावं? फ्रिज, पंखा, टीव्ही सगळं बंद केलं, तुमचा शंभर वॅटचा पिवळा बल्ब तेवढा चालू ठेवला आणि चहाची बशी देऊन तुम्हाले मीटरपुढं बसवलं.

अजून दिसते मले. चाकावरची लाल खूण निघते आणि तुमची बशी रिकामी व्हायच्या आत परत येते. मग तो काढून मी माझा लावते. चाक रुसलेल्या जावयासारखं पाय ओढत चालते. तुमचा चहा संपते, सुपारी कातरून होते, खुणेचा पत्ता नाही. "मीटर जाम झालं," म्हणून तुम्ही काचेवर टिचकी मारता. मी पंखा लावते. चाक पळत सुटते. तुम्ही उठून जाता. रात्री जेवताना ताटाकडं पाहत म्हणता, "तो पांढरावाला माझ्या खुर्चीवर पण लाव."

मग मी चेकाळली. जिन्यात, न्हाणीत, अंगणात, सगळीकडं तेच लावले आणि दिवसाही जळू दिले. बिल जवळपास पहिल्याइतकंच आलं. तुम्ही ते घरभर नाचवलं, "हव, वाचली बिजली!" बल्ब खोटा नव्हता, बाबा, माझा हात सुटला होता. बटनं बंद करायला लागली आणि पुढचं बिल असं उतरलं की तुम्ही ते गुपचूप खिशात घातलं. दोनदा जिंकली मी.

आता माझ्या घरच्या मीटरमध्ये चाकच नाही, लाल ठिपका लुकलुकते. माझी पोट्टी पाच दिवे लावून मोबाईल पाहते. "मम्मी, एलईडी है, कितना खाएगी?" मी उठते, खटाखट बटनं मारते.

हे कुठं पाठवायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. बटन मारताना माझ्या तोंडून तुमचं ते मंत्र्याचं घर निघते. पोट्टी हसते, म्हणते, "क्या डायलॉग है मम्मी!" माझंच आहे म्हणून सांगितलं मी तिले.