पोटावरची नक्षी

प्रिय धाकट्या,

फोनवर 'बाबा मजेत आहेत' असं सांगते ते अर्धंच खरं असतं, कारण ते शेजारीच बसून ऐकत असतात. तब्येत ठणठणीत आहे, भूक चांगली आहे, माझ्या भाजीला नावं ठेवायची हौसही तशीच. पण गेले तीन आठवडे ते मला आपली मुलगी मानत नाहीत. विसरले असते तर समजून घेतलं असतं रे. पण तुझा वाढदिवस, नोकरीत असताना मत्स्यालयातल्या चाळीस टाक्यांवर स्वतः लिहिलेल्या पाट्या, सगळं तोंडपाठ आहे. "दिसतेस अगदी तिच्यासारखी," म्हणतात, "पण ती नाहीस." रागाने नाही, घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं.

हे सुरू झालं सेनापतीपासून, आणि चूक माझी आहे. आपला सेनापती, टाकीच्या काचेला तोंडाने चिकटून बसणारा तो सकर मासा, मेला. तू ओंजळीत घेऊन आला होतास तेव्हा बोटाएवढा होता, जाताना माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरला. बाबा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. सकाळी टाकीचं झाकण उघडलं तर हा खवल्यांच्या चिलखतासकट आडवा. अठरा वर्षांचा सोबती गेला हे त्यांना पट्टी बांधलेल्या डोळ्याने कळायला नको, असं मला वाटलं. मी त्याला मागच्या लिंबाखाली पुरलं आणि चार दुकानं पालथी घालून दुसरा सकर मासा आणला. तेवढाच लांब, अंगावर तसेच चट्टे, पाठीवर शिडासारखा तसाच पंख. पंखाचे काटेसुद्धा मोजले, बारा भरले. स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

पोट बघायचं मात्र राहिलं. दुकानात तो वाळूला चिकटून बसला होता. तुला आठवतं, मत्स्यालयात बाबा आपल्याला टाकीपुढे उभं करून परीक्षा घ्यायचे? "पाठीवर जाऊ नका, पाठ सगळ्यांची सारखीच. पोट बघा. ठिपके सुटे असले तर एक जात, ठिपके जुळून गांडुळासारख्या रेघा झाल्या तर दुसरी." तू नेहमी चुकायचास आणि माझ्याकडे बघून उत्तर बदलायचास. बाबा दवाखान्यातून आले, खुर्ची ओढून टाकीसमोर बसले, आणि थोड्या वेळाने तो मासा काचेवर चढून तोंडाने घट्ट चिकटला. सगळं पोट समोर. सेनापतीच्या पोटावर ठिपके होते, याच्या पोटावर रेघाच रेघा. बाबा खूप वेळ बघत राहिले, मग त्याला काकडीची चकती घातली. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा द्यायला गेले तर त्यांनी मला जवळ बोलावलं. दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली, खिडकीकडे वळवली आणि खालून पाहिलं. तू मला मत्स्यालयाच्या पायरीवरून ढकललं होतंस ना, मी सहा वर्षांची होते, तू पाच, तेव्हा हनुवटीखाली पडलेल्या तीन टाक्यांची खूण ते शोधत होते. पाहून झाल्यावर "बरं" म्हणाले आणि चहा घेतला. तेव्हापासून रोज सकाळी हेच. मला आधी हसू आलं, मग राग आला. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणतात, नजर उत्तम आहे, सुईत दोरा ओवतील.

शेवटी मी सगळं कबूल केलं. त्यांचा हात धरून लिंबाखाली नेलं, माती उकरून सेनापतीची हाडं दाखवली. म्हटलं, बाबा, चुकले मी, फसवलं तुम्हाला, पण मी मीच आहे हो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि इतक्या मायेने विचारलं, की मी अजून ते विसरू शकत नाही. म्हणाले, "त्याला इथे पुरलंस हे कळलं. आता सांग, माझी मुलगी कुठे आहे?"

आता हे पत्र का, ते सांगते. काल बाबा अंघोळीला गेले असताना मी प्रथमच आरसा घेऊन खिडकीशी उभी राहिले. धाकट्या, माझ्या हनुवटीखाली काही नाही. साधा ओरखडासुद्धा नाही. स्पिरिटचा वास मला आठवतो, आईने पाय धरले होते ते आठवतं, काळ्या दोऱ्याची टोकं आठवतात. मग टाके गेले कुठे? पडलास तू आणि मी दारातून बघत होते, असं तर नाही ना? हे वाचून झालं की आरशासमोर जा आणि मान वर कर. खूण तुझ्याकडे असेल तर मोठ्या अक्षरात तसं लिहून पाठव, मी बाबांना दाखवीन आणि आपण सगळे हसू. पण तुझीही हनुवटी कोरी असेल तर लिहू नकोस. तू स्वतः ये. सकाळचा ये, चहाच्या आधी, आणि मला ताई म्हणून हाक मारण्यापूर्वी एकदा नीट बघून घे.

अजून तरी तुझीच,
ताई